टेरेनच्या पायाला बाक येतो: कारण ओळखा, सरळ करा, पुन्हा येऊ देऊ नका

साय-फाय वॉरगेमसाठी घरी टेरेन, म्हणजे खेळाच्या टेबलावर मांडायच्या छोट्या इमारती, भिंती, ढिगारे, बनवणाऱ्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही आहे: फोमच्या भिंती नीट उभ्या राहिल्या, वाळू चिकटली, रंगही छान बसला आणि आठवड्याभरात पायाचे कोपरे टेबलावरून उचलले गेले. वॉरहॅमर ४०,००० साठी ४४ × ६० इंची टेबलावर दहा-बारा तुकडे मांडले की त्यातले तीन-चार हमखास डुगडुगतात. ३२ मिमी बेसवरची धातूची मिनी (खेळातली छोटी सैनिक-मूर्ती) अशा उतारावर उभी केली तर ती घसरते, पडते आणि हात तुटतो तो तिचा. म्हणून हा दोष दिसण्यापुरता आहे असे समजून सोडून देऊ नये.

इथे मुख्यतः एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट) आणि जाड पुठ्ठा या तीन पायांबद्दल लिहिले आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांचे काम यांवरच चालते.

आधी बाक मोजा आणि त्याचा आकार पाहा

तुकडा स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर ठेवा. लाकडी टेबलावर तपासू नका, टेबल स्वतःच सपाट नसते. फट मोजायला बाद झालेले एटीएम कार्ड उत्तम, त्याची जाडी ०.७६ मिमी असते. एक कार्ड जेमतेम आत जात असेल तर काहीच करू नका, गेम मॅटवर ती फट दिसतही नाही. दोन-तीन कार्डे जात असतील तर दुरुस्ती होते. पाच-सहा जात असतील तर दुरुस्तीपेक्षा पाया बदलणे सोपे, त्याची रीत शेवटी दिली आहे.

आता आकार. कडा वर आणि मध्य खाली, म्हणजे पाया वाटीसारखा झाला असेल, तर वरची बाजू आकसली आहे. वाळलेल्या गोंदाने आणि रंगाने ती ओढून धरली आहे. बहुतेक तक्रारी याच असतात. याउलट मध्य वर आणि कडा टेकलेल्या असतील तर वरच्या बाजूत अजून ओल आहे, किंवा खालची बाजू जास्त वाळली आहे. काम ताजे असेल तर दोन दिवस थांबा, तो बाक बऱ्याचदा आपोआप उलटतो. तिसरा प्रकार म्हणजे पीळ: समोरासमोरचे दोन कोपरे वर, दोन खाली. पीळ सहसा गोंदामुळे येत नाही, तो शीटमध्येच असतो. शीट दुकानात किंवा घरी भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली असते आणि तिला तशीच सवय लागते. पीळ असलेल्या तुकड्यावर वेळ घालवू नका.

आणखी एक तपासणी आवश्यक आहे. तुकडा आठवडाभर उघड्यावर ठेवून दर दोन दिवसांनी कार्ड लावून पाहा. फट हवेप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर पायाच्या कडा किंवा तळ उघडे राहिले आहेत आणि बोर्ड ओल घेतो-सोडतो आहे. फट कायम तेवढीच असेल तर वरच्या थराची ओढ हे कारण. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही पायरी गाळू नका.

एवढ्याशा ओलीने एवढा बाक का येतो

समजा ३०० मिमी लांब, ३ मिमी जाड पाया आहे आणि त्याची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त ०.१ टक्का आखूड झाली. म्हणजे ३०० मिमीमागे ०.३ मिमी. तेवढ्याने मध्य आणि कडा यांत पावणेचार मिमी फरक पडतो. हाच पाया १५० मिमी लांबीचा असता तर बाक १ मिमीच्याही आत राहिला असता. लांबी निम्मी केली की बाक चौथ्या हिश्शावर येतो. ओलीच्या फरकाने येणाऱ्या बाकावर जाडी तेवढी कामाची नाही: ३ ऐवजी ६ मिमी घेतले तर तो फक्त निम्मा होतो. गोंदाच्या थराच्या ओढीपुढे मात्र जाडी चांगली टिकते, तिथे दुप्पट जाडीला ओढ चौथ्या हिश्शाएवढीच वाकवू शकते. म्हणून पुष्कळ वाळू आणि गोंद लागणार असेल तर जाड बोर्ड घ्या. मोठा परिसर करायचा असेल तर एकच ४५० मिमीचा पाया न कापता साय-फाय फरशीच्या पॅनेलच्या रेषेवर तो दोन-तीन तुकड्यांत करा. तुकडे शेजारी ठेवले की जोड पॅनेलची खाच वाटते.

पाणी येते कुठून? पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदात साधारण निम्मे पाणीच असते. ३०० × २५० मिमी पायावर सरासरी १ मिमी जाड थर दिला तर ७५ मिली गोंद लागतो, म्हणजे ३५ मिलीहून जास्त पाणी एका बाजूने बोर्डात जाते. तोच थर ०.२ मिमी, म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून पसरलेला, असेल तर एकूण गोंद १५ मिली आणि पाणी सातेक मिली. त्यावर वाळू पक्की करायला निम्मे पाणी घातलेला गोंद ओतण्याची पद्धत आहे. बाकाचा सर्वात मोठा वाटा तिचाच असतो. पाणी आधी बोर्डाचे तंतू फुगवते, मग वाळताना गोंदाचा पापुद्रा आकसतो आणि कडा वर ओढतो. दोन टप्पे असल्यामुळे बाक उशिरा दिसतो आणि लोक दोष रंगाला देतात.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत बनवलेला आणि नीट बंद न केलेला पाया डिसेंबरनंतर, विशेषतः पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत नेला, की नव्याने वाकतो. खेळायला दुसऱ्या गावी नेलेले टेरेन तिथे पोचल्यावर डुगडुगू लागते त्याचे कारण हेच.

वाकलेला तुकडा सरळ करणे

वाटीसारखा बाक असेल तर तळाला तीच ओढ द्यायची. तुकडा उलटा करा. नाजूक भाग दबू नयेत म्हणून खाली जुन्या उशीचा फोम घाला. तळ १२० नंबर पॉलिश पेपरने खरवडा. सील केलेला किंवा रंगवलेला तळ असेल तर तो थर पूर्ण घासून काढा, नाहीतर गोंदाची पकड बसणार नाही. आता ३ भाग गोंद आणि १ भाग पाणी यांचा एक हात सगळ्या तळावर सारखा द्या. गोंद पारदर्शक होऊ लागला की तुकडा सुलटा करून सपाट प्लायवर ठेवा, मधे दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक घाला.

भिंती उभ्या असल्याने वर वजन ठेवता येत नाही. त्यासाठी २५ × १२ मिमीचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप दोन समोरासमोरच्या कडांवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने प्लायला आवळा. क्लॅम्प लावण्याआधी पायाच्या मध्याखाली २ ते ३ मिमी जाडीची पट्टी सरकवा, म्हणजे कडा सपाटाच्याही थोड्या खाली दाबल्या जातील. नुसते सपाट धरले तर सोडल्यावर निम्मा बाक परत येतो. तळ प्लायला चिकटून असल्याने हवा लागत नाही, म्हणून १२ तासांनी क्लॅम्प सोडून तळ दोन तास उघडा ठेवायचा आणि पुन्हा आवळायचा. दोन दिवस असे करा. एका हाताने पुरेसा फरक पडला नाही तर दुसरा हात द्या. तिसरा देऊ नका, तेव्हा कारण दुसरेच आहे.

हवेप्रमाणे हलणारा बाक असेल तर हे करण्यात अर्थ नाही. तो तुकडा कोरड्या आठवड्यात, सपाट झालेला असताना पकडून कडा आणि तळ बंद करा. पावसाळ्यात बंद केला तर आतली ओल आतच राहते.

एल आकाराच्या भग्न इमारतीचे दुखणे थोडे वेगळे. दोन भिंती पायाच्या दोन कडा घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे सगळी ओढ समोरच्या मोकळ्या कोपऱ्यावर येते आणि तेवढा एकच कोपरा उचलला जातो. याला पीळ समजून तुकडा फेकू नका. इथे साय-फाय थीमचा खरा फायदा आहे: मोकळ्या कोपऱ्याच्या बाजूने एक पाइपलाइन किंवा केबलची डक्ट टाका. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी पीव्हीसी केसिंग पट्टी, २० किंवा २५ मिमी रुंद, यासाठी फार छान. मुंबईत लोहार चाळीत किंवा कोणत्याही इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात ती मिळते. पट्टी कॅपिंगसह (वरच्या झाकणासह) घ्या, बंद चौकोन उघड्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त ताठ असतो. कोपरा क्लॅम्पने खाली दाबून धरा, पट्टीचा तळ आणि पाया दोन्ही खरवडा, वाळू असेल तिथे ती बोर्डापर्यंत काढा आणि पट्टी अॅराल्डाइटसारख्या दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा. पाच मिनिटांवाल्यापेक्षा सावकाश सुकणारे इपॉक्सी इथे चांगले. २४ तास क्लॅम्प काढू नका. पट्टीला दर ४० मिमीवर एम-सीलची पातळ कडी केली, त्यावर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले फुगीर गोल बोल्ट म्हणून लावले, की तो आधार आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कारखाना, रिफायनरी, अवकाशतळ, कोणत्याही परिसरात पाइप शोभतोच. दुरुस्ती आणि सजावट एकाच वस्तूत झाली, यापेक्षा चांगले टेरेन कोणते!

नवीन पाया: क्रम चुकला की सगळे चुकते

पुष्कळ जण सीलर लावतात, पण चुकीच्या वेळी. आधी सील करतात, मग कडा तासून उतार देतात. तासल्यावर एमडीएफचा आतला मऊ गाभा उघडा पडतो आणि पाणी सर्वात जास्त तिथूनच शिरते. म्हणून कापणे, कडांना ४५ अंशांचा उतार, १८० नंबरचा पॉलिश पेपर, आणि मगच सील.

सीलर पाण्याचा नको. सुताराकडचा लाखेचा स्पिरिट पॉलिश सगळ्यात चांगला: १०० मिली स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम लाख रात्रभर विरघळवा, दुसऱ्या दिवशी जुन्या सुती कापडातून गाळा. दोन्ही बाजूंना दोन हात, कडांना तीन. एका बाजूला हात दिला की लगेच दुसऱ्या बाजूलाही द्या. स्पिरिट उडून जाते, थर्माकोल किंवा एक्सपीएस फोमला (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट फोम) त्रास देत नाही. आगीपासून मात्र लांब काम करा, खिडक्या उघड्या ठेवा. सुतार वापरतात तो सँडिंग सीलरही चालतो, पण त्यातला थिनर फोम विरघळवतो. तो लावला तर बोर्ड पूर्ण वाळून वास जाईपर्यंत फोम जवळ आणू नका.

वरच्या बाजूला जे जे थर द्याल ते तळालाही हवेत. फर्निचरच्या शटरला बाहेरून सनमायका लावला की सुतार आतून लायनर लावतो, ते याचसाठी. टेरेनच्या तळाला वाळू लावायची गरज नाही. वर गोंद पसरला त्याच बैठकीत तळालाही गोंदाचा तेवढाच पातळ हात द्या. तळाला रंगही द्या.

फोमच्या भिंती आणि ढिगारे पायावर चिकटवताना आणखी एक अडचण येते, आणि ती अनेकांना माहीत नसते. सील केलेला बोर्ड आणि एक्सपीएस फोम, दोन्हींतून पाणी जात नाही. त्यांच्यामध्ये पांढरा गोंद भरला तर कडेचा सुकतो, मधला आठवडाभर ओलाच राहतो. रंगवून झाल्यावर तो सावकाश सुकतो आणि पायाला ओढतो. मोठ्या फोम ठोकळ्यांसाठी इपॉक्सीचे पाच-सहा ठिपके आणि टूथपिकच्या खुंट्या हे पुरेसे आहे. ग्लू गन वापरायची तर गोंद बोर्डावर सोडून १०-१५ सेकंद थांबा, मग फोम ठेवा, नाहीतर फोममध्ये खड्डा पडतो. फेविक्विक आणि फेविकॉल एसआरसारखे रबरी गोंद थर्माकोल-एक्सपीएस दोन्ही खातात, ते दूर ठेवा.

पोतासाठी नुसत्या वाळूपेक्षा मिश्रण बरे. २ भाग चाळलेली रेती, १ भाग जाड रांगोळी, १ भाग गोंद, अर्धा भाग काळा अॅक्रिलिक इमल्शन. रांगोळी दगडाची पूड असल्याने मिश्रण कमी पाण्यात घट्ट होते, आणि रंग आधीच मिसळल्यामुळे नंतरचा पातळ गोंदाचा ओला हात पूर्ण वाचतो. हे मिश्रण जुन्या कार्डाने १ मिमीपेक्षा जाड पसरू नका. ढिगारा उंच हवा असेल तर तो फोमनेच उंच करा, मिश्रण फक्त कातडीपुरते. भिंतीवरची पांढरी वॉल पुट्टी मात्र इथे वापरू नका. पाया जरा वाकला की ती तडकते आणि खपल्या निघतात.

वाळवताना पाया वर्तमानपत्रावर आडवा ठेवणे ही मोठी चूक, तळाला हवाच मिळत नाही. चार बाटल्यांच्या झाकणांवर किंवा भांडी निथळायच्या जाळीवर ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू बरोबर वाळतात. हेअर ड्रायर, गॅलरीतले ऊन, एकाच बाजूने जोरात पंखा, काहीही नको. वाळले की नाही हे बोटाने कळत नाही. तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन लिहा, १२ तासांनी पुन्हा ठेवा. १ ग्रॅमनेही कमी झाले नसेल तर वाळला. कोरड्या हवेत हे एका दिवसात होते, जुलैत तीन दिवसही लागतात. त्याआधी वर रंगाचा थर दिला तर ओल कोंडली जाते.

इतर सामान

सनबोर्ड पाणी पीत नाही, म्हणून लोक त्याकडे वळतात, पण ३ मिमी सनबोर्ड इतका लवचिक असतो की गोंदाचा जाड थर त्यालाही ओढतो. किमान ५ मिमी घ्या. तो उन्हात मऊ पडतो, तिरका ठेवला तर वाकून तसाच राहतो. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे ३ मिमी एसीपी शीटचे तुकडे उरतात, ते मिळाले तर सोडू नका: दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियम, मधे प्लास्टिक, ओलीने जराही हलत नाही. वरची फिल्म काढून ८० नंबर पेपरने चांगले खरवडा आणि सगळे इपॉक्सीने चिकटवा. कडा धारदार असतात, कानसीने घासा. पाया पुठ्ठ्याचाच करायचा असेल तर दोन थर एकमेकांशी काटकोनात चिकटवा, आणि तुकडा १५० मिमीच्या वर नेऊ नका.

कागद लावलेल्या फोम बोर्डाच्या भिंतींचेही गणित तेच: बाहेरची बाजू रंगवून आतली कोरी ठेवली की भिंत कमानीसारखी होते. आत कुणाला दिसणार नाही असे वाटले तरी आतल्या बाजूला त्याच दिवशी काळा हात मारा.

थ्रीडी प्रिंट केलेला पीएलएचा (या प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लास्टिक) पाया वाकला असेल तर ओलीला दोष देऊ नका. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तो भाग सहज वाकतो. तुकडा साधारण त्याच तापमानाच्या पाण्यात धरून, मऊ झाल्यावर ग्रॅनाइटवर दाबून थंड होईपर्यंत धरला की बहुधा सरळ होतो. रंगवलेला असेल तर रंग सुटू शकतो.

पाया बदलायचा असेल तर

पाच-सहा कार्डांची फट असेल, किंवा पीळ असेल, तर वरचे काम वाचवून पाया टाकून द्या. भिंती आणि ठोकळे पायापासून सोडवायला दात घासायचा जाड फ्लॉस किंवा गिटारची बारीक तार वापरा. दोन्ही टोकांना लाकडी काडी बांधा आणि फोमच्या तळाला बोर्डालगत करवतीसारखी पुढे-मागे ओढा. इपॉक्सीचे ठिपके आले की तार अडते. तिथे जबरदस्ती न करता फोमचा १-२ मिमी थर बोर्डावरच सोडून वरून कापा. नव्या पायावर बसवताना ही उंची भरून निघते, कारण खाली पुन्हा पोताचे मिश्रण येणारच असते. टाकलेल्या पायावरची केसिंग पट्टी, जाळी, सिरिंजच्या नळ्या काढून ठेवा. पुढच्या तुकड्याला लागतात.